चुना लावणारे मामा

मामांचं काम चुना लावण्याचं. हे मामा स्वतःच सांगायचे, नव्या माणसाला तर हमखास, आणि समोरचा दचकला की सावकाश मैदानाकडे बोट दाखवायचे. कॉलेजच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारायच्या, गवत कापायचं, गोलाची जाळी बांधायची, दगड वेचायचे, कुत्री हाकलायची, हे सगळं त्यांच्याकडे. पण मामांच्या लेखी त्यांचं खरं काम एकच, रेघा. गवत काय, बकरीसुद्धा कापते, असं ते म्हणायचे.

सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, अगदी प्राचार्यसुद्धा. त्यावरही त्यांचा एक ठरलेला विनोद होता. चुना लावणारा पण मीच आणि मामा पण मीच, म्हणजे फसवणारा मी आणि फसणाराही मीच, बाकी कोणाला तोशीस नाही. सव्वीस वर्षं हाच विनोद. पहिल्या वर्षाच्या मुली पोट धरून हसायच्या. दुसऱ्या वर्षाच्या मुली त्यांच्याआधीच वाक्य पुरं करून टाकायच्या, आणि मामा त्यावरही खूश व्हायचे.

रेघांच्या बाबतीत मात्र मस्करी नाही. सकाळी सहाला फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, बादली, गळका डबा आणि दोरी घेऊन माणूस मैदानावर हजर. ही दोरी त्यांना आधीच्या मैदानवाल्या म्हाताऱ्याने निवृत्त होताना हातात दिलेली. एका टोकाला फास, तो गोलरेषेवरच्या खिळ्यात अडकवायचा आणि दोरी ताणत मैदानात जायचं. दोरीला तीन गाठी. पहिली गाठ छोट्या चौकटीची, तिसरी मोठ्या चौकटीची, आणि मधली ठिपक्याची. मोठ्या चौकटीत कोणी आडदांडपणा केला किंवा चेंडूला हात लावला की समोरच्या संघाला या ठिपक्यावरून सरळ गोलात एक फटका मारायला मिळतो, मध्ये गोलकीपर सोडून कोणी नाही. ती पेनल्टी. ठिपका गोलापासून अकरा मीटरवर हवा, आणि म्हाताऱ्याची मधली गाठ बरोबर अकरा मीटरवर होती.

संघाचे प्रशिक्षक म्हणजे शिट्टीसर. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव. त्यांनी तीन वर्षांपूर्वी एक लांब पोलादी टेप आणून दिला होता. मामांनी तो प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढला नाही. म्हणाले, सर, टेप उन्हात फुगतो आणि थंडीत आकसतो, दोरी इमानदार असते. खरं तर हे दोरीलाच जास्त लागू. पण मामांना सांगणार कोण? मामांची रेघ म्हणजे रेघ, असं प्राचार्य भरसभेत म्हणालेले. टेप कपाटात गेला तो गेला.

सगळ्या कॉलेजच्या या मामांना सख्खी भाची एकच. ताईची मुलगी. ताईच्या गावात शाळेपुढे शिकायची सोय नव्हती म्हणून ती सुट्टी संपता संपता मामांकडे राहायला आली, एक ट्रंक, एक पिशवी आणि जाळीत घातलेला एक फुटबॉल घेऊन. मामीने दार उघडलं आणि आधी तो चिखलाचा फुटबॉल बाहेर ठेवायला लावला, मग पोरीला जवळ घेतलं. मामी घरीच शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. गळ्यात दिवसभर मापाची पट्टी, काढायची ती फक्त आंघोळीला.

कॉलेज सुरू झालं आणि शिट्टीसरांनी पहिल्याच आठवड्यात पोरीचा उजवा पाय हेरला. तिचा फटका असा की जाळीमागच्या भिंतीचा गिलावा पडायचा. नाव पडलं तोफ. पेनल्टी मारायचं काम सरांनी तिच्याकडे दिलं. सुरुवातीला तिचे फटके जरा मधे, गोलकीपरच्या हातात जायचे. ती कुरकुरली की गावी कोपऱ्यात बसायचे, इथे काय होतंय. मामा म्हणाले, नवं मैदान आहे, पाय बसू दे. आणि खरंच, महिन्याभरात पाय बसला. आडव्या दांड्याच्या खाली चार बोटं आणि उभ्या खांबाच्या आत चार बोटं, अशा कोपऱ्यात ती दहापैकी दहा चेंडू घालायला लागली. मामा फक्कीचा डबा खाली ठेवून बघत उभे राहायचे. आमच्या घरची आहे, असं झाडांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचे.

त्या वर्षी संघाकडून सगळ्यांनाच आशा होती. गेल्या वर्षी चौथा नंबर, यंदा तोफ आली, म्हणजे आता करंडक कुठे ठेवायचा एवढंच बघायचं. प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटातला एक खण रिकामा करून पुसून ठेवलासुद्धा. एकूण सात सामने, सात कॉलेजांशी, आणि सगळेच बाहेर, कारण या मैदानावर लोकांना बसायला पायऱ्या नव्हत्या. इथे नुसता सराव.

पहिला सामना हरले. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना पेनल्टी मिळाली, तोफेने मारली आणि चेंडू वरच्या दांड्यावर आपटून परत आला. होतं असं, सर म्हणाले. दुसरा सामना हरले. तिसऱ्यात पुन्हा पेनल्टी, या वेळी चेंडू दांड्यावरून वीतभर वर गेला. चौथ्या सामन्यात भलतंच. संघात बचावाला एक थोराड मुलगी होती, तिला सगळ्या भिंत म्हणायच्या. ही भिंत समोरच्या मुलीला नेहमी चौकटीच्या बाहेर आडवी करायची, अगदी हिशोबाने, म्हणजे पेनल्टी जाऊ नये. पण त्या दिवशी पंचाने शिट्टी वाजवून सरळ ठिपका दाखवला. भिंत म्हणे, मी बाहेर होते. पंच म्हणे, हातभर आत होतीस. गोल झाला आणि सामना गेला. पाचवा गेला तो तर न बोलण्यासारखा. सहाव्यात तोफेची तिसरी पेनल्टी खांबाच्या बाहेरच्या अंगाला घासून गेली.

सहा सामने, सहा हारी. काचेच्या कपाटातल्या रिकाम्या खणात कोणीतरी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणून ठेवला.

लोकांचं तोंड कोण धरणार? तोफ कसली, फुसका बार आहे, असं वर्गात मागच्या बाकावरून ऐकू यायला लागलं. घरच्या मैदानावर वाघ, बाहेर शेळी. पोरगी घरी येऊन जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा जेवताना ती मामांना म्हणाली की तिकडचे गोल लांब वाटतात. प्रत्येक ठिकाणी. उभी राहिले की वाटतं, कोणीतरी गोल मागे सरकवलाय. मामा दिवसभर गवत कापून दमलेले. त्यांनी तोंडातला घास गिळला आणि हसत हसत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

मस्करीच होती. मामांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पोरगी ताट उचलून आत गेली, आणि त्यानंतर फुटबॉलबद्दल घरात एक शब्द बोलली नाही.

सहाव्या हारीनंतरच्या संध्याकाळी ती मामीसमोर आली. हातात संघाची जर्सी. बाही उसवली होती. म्हणाली, मामी, एवढी शिवून दे, मग धुऊन, इस्त्री करून सरांना परत करते. संघाचा रिवाज होता की वर्ष संपताना पुढच्या वर्षी खेळणारीने जर्सी घरी ठेवायची आणि संघ सोडणारीने सरांच्या हातात द्यायची. म्हणजे पोरगी काय म्हणतेय ते मामीला कळलं, आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या मामांनाही कळलं. सरांना सांगून टाकलंय, शेवटचा सामना खेळते, कारण दुसरं कोणी नाही, ती म्हणाली. मग बास. माझ्यामुळे अकराजणी हरतात.

मामांनी पेपर आणखी वर धरला. मामीने जर्सी घेतली आणि मशीनवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने बाही दुहेरी शिवून टाकली, अशी की घोड्यांनी ओढली तरी उसवू नये. पोरीने ती जर्सी धुतली, इस्त्री केली आणि घडी करून ट्रंकेवर ठेवली. ती घडी येता-जाता मामांच्या डोळ्यांना टोचायची.

आता खरी गोष्ट इथून पुढे. शेवटच्या सामन्याला दहा दिवस होते. सकाळचा चहा चालला होता. मामीकडे शिवण शिकायला येणाऱ्या एका बाईने आदल्या दिवशी बारा गणवेशांच्या विजारी आखूड कापून ठेवल्या होत्या, आणि मामीच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. माप बरोबर घेतलं म्हणे. घेतलं गं बाई, पण दुमड कोण धरणार? माप काय नुसतं टोकापासून टोकापर्यंत असतं? दुमडीत चार बोटं जातात, ती आधी सोडायला नकोत? माप बरोबर आणि विजार आखूड!

मामांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. मामांनी अर्धा चहा ठेवला म्हणजे कोणीतरी गेलं तरी असेल किंवा जाणार तरी असेल. मामी बोलता बोलता थांबली आणि काय झालं म्हणून विचारलं. मामा म्हणाले, तुझी पट्टी दे आणि चल माझ्याबरोबर.

काय झालं होतं ते त्यांना लख्ख आठवलं. सुट्टीत उंदराने दोरीचा फास कुरतडला होता. मामांनी कुरतडलेलं टोक कापून टाकलं, उरलेल्या दोरीचं टोक वळवून नवा फास केला आणि घट्ट गाठ मारली. फासात दोरी जाते, म्हणजे आता तिन्ही गाठी पुढे सरकवायला हव्यात, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. इतके काही ते अडाणी नव्हते. ते गाठी सोडायला बसणार तेवढ्यात स्टेशनवरून फोन आला की गाडी लवकर आलीय आणि भाची ट्रंकेवर बसून वाट बघतेय. मामा दोरी तशीच खुंटीला टांगून धावले. उद्या करू. आणि उद्या म्हणजे कॉलेज सुरू, गवत, जाळ्या, मंडप. गाठी राहून गेल्या.

मैदानावर अजून कोणी नव्हतं. दव होतं. मामीची पट्टी दीड मीटरची, म्हणजे गोलरेषेपासून ठिपक्यापर्यंत सात वेळा लावायची आणि वर अर्धा मीटर. एवढ्या मोठ्या मैदानावर नवरा-बायको गुडघ्यांवर रांगत निघाले. मामी पट्टी ताणायची, मामा बोट ठेवायचे, मग मामी पुढे. तिचे गुडघे ओले झाले, तिने दोनदा विचारलं की कपाटात एवढा मोठा टेप आहे म्हणत होतात तो काय पूजेला ठेवलाय का. मामांनी पुढचं बोट ठेवलं. सहा झाले. सातवी पट्टी लावली, आणि पट्टी संपायच्या आतच ठिपका आला.

ठिपका साठ सेंटिमीटर जवळ होता. मोठी चौकटही तेवढीच आखूड.

मामा तिथेच ओल्या गवतावर बसले. मग त्यांना एकेक उमगायला लागलं. पोरीचे पहिले फटके मधे का जायचे. महिन्याभराने तिचा पाय कोणत्या मापाला बसला. चेंडू वर चढत आणि बाहेर सरत जातो, मग साठ सेंटिमीटर लांबून मारला तर चार बोटं वर आणि चार बोटं बाहेर जाणारच. दांडा, दांड्यावरून, खांबाच्या बाहेर. पोरीचा पाय सगळीकडे एकसारखाच पडला होता. आणि भिंत खरंच मामांच्या चौकटीबाहेर उभी होती, पंचाच्या चौकटीत ती हातभर आत होती.

मामी शेजारी बसली. मामा म्हणाले की अजून कोणी आलेलं नाही, ठिपका पुसून नवा मारतो, चौकट सरकवतो, अर्ध्या तासाचं काम, कोणाला कळणारही नाही. चार महिन्यांनी निवृत्ती आहे. सव्वीस वर्षं मामांची रेघ म्हणजे रेघ.

मामीने पट्टी गुंडाळून गळ्यात घातली.

"ठिपका तुम्ही सरकवाल हो," ती म्हणाली. "पण ती जर्सी परत करेल, आणि जन्मभर समजेल की चूक तिच्या पायाची होती. मापातलं पाप आपलं, आणि फेडायचं पोरीने?"

एवढं बोलून ती उठून घरी गेली, कारण बारा विजारी उसवायच्या होत्या. मामा बसून राहिले. फार वाईट वाटत होतं त्यांना. चुकीचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त त्या म्हणीचं. नाचता येईना अंगण वाकडं. पोरीने नेमकं खरं सांगितलं होतं, आणि आपण घास गिळून हसलो.

त्या संध्याकाळी सरावाला मुली जमल्या तेव्हा मामांनी सरांना विनंती केली की दोन मिनिटं बोलायचंय. आखलेल्या ठिपक्याच्या पलीकडे त्यांनी फक्कीने दुसरा ठिपका मारून ठेवला होता. मुली अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाले, "पोरींनो, मी तुम्हाला चुना लावलाय."

सगळ्या हसल्या. भिंत म्हणाली, आणि मामा पण तुम्हीच. पुन्हा हशा. सहा हारींनंतर पहिल्यांदाच त्या अशा हसत होत्या, आणि मामांना कळेना की आता हे थांबवायचं कसं. सव्वीस वर्षं विनोद विकल्यावर खरं बोलायला गिऱ्हाईक मिळेना. ते पुन्हा म्हणाले, खरंच लावलाय गं. त्या आणखी हसल्या.

मग मामांनी खांद्यावरच्या पिशवीतून पोलादी टेप काढला. प्लास्टिक नवं कोरं, न फाडलेलं. ते दातांनी फाडलं, टेप सरांच्या हातात दिला आणि म्हणाले, सर, तुम्ही मोजा. सरांनी हसत हसतच एक टोक गोलरेषेवर धरायला लावलं आणि चालत जुन्या ठिपक्यापर्यंत आले. खाली वाकले. मग त्यांचं हसू गेलं. ते दुसऱ्यांदा मोजायला मागे गेले, आणि मुलीही गप्प झाल्या.

मामांनी सगळं सांगितलं. उंदीर, फास, गाठी, राहून गेलं ते. फक्त स्टेशनवरच्या फोनचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर चुकीचा थोडा भार पोरीवर गेला असता, आणि तिने आधीच पुरेसा उचलला होता.

तोफ पुढे आली. चेहरा लाल झालेला.

"मी सांगितलं होतं तुला, मामा. गोल लांब वाटतात म्हणून. तू काय म्हणालास?"

"अंगण वाकडं म्हणालो."

"मग?"

"अंगण वाकडंच होतं," मामा म्हणाले. "मीच वाकडं आखलं होतं. तुझा पाय बरोबर होता बाळा. एकदाही चुकला नाही."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं आणि चेंडू तिथेच टाकून फाटकाबाहेर निघून गेली. मामा मागे जाणार होते, सरांनी दंडाला धरून थांबवलं. सर सरळ माणूस होता. त्यांनी मुलींना सांगितलं की सगळी पापं दोरीच्या गळ्यात घालू नका, पाचव्या सामन्यात आपण पाच गोल खाल्ले ते काही ठिपक्याने घातले नाहीत, पळायला आपण आळशी आहोत. पण पेनल्ट्या, आणि भिंतीचा तो एक, एवढं मात्र मामांच्या नावावर. मामांनी मान हलवली. मान हलवताना त्यांना, का कोण जाणे, थोडं हलकं वाटलं.

घरी दोन दिवस अबोला. पोरगी मामीशी बोलायची, मामांशी नाही. मीठ हवं असलं तरी मामीला म्हणायची, मामी, त्यांना मीठ द्यायला सांग. मामा निमूट मीठ सरकवायचे. दोन दिवसांनी मामीच वैतागली आणि भाजी निवडता निवडता तिने पोरीला स्टेशनवरच्या फोनचं सांगून टाकलं. पोटात राहीना म्हणून म्हणा किंवा मुद्दाम म्हणा. पोरगी ऐकलं न ऐकल्यासारखं करून उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा फक्कीची बादली घेऊन पोचले तर ती ठिपक्याशी उभी. काखेत तो गावचा जुना फुटबॉल. म्हणाली, आता तरी बरोबर आहे कशावरून, मोज माझ्यासमोर. मामांनी टेप काढला. तिने टोक गोलरेषेवर धरलं, मामा ताणत गेले. अकरा मीटर. मग छोट्या चौकटीचं माप, मग मोठ्या चौकटीचं. तिने सगळं पाहिलं, आणि मग चेंडू ठेवला.

पहिला फटका दांड्यावरून गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. बसलेला पाय एका सकाळीत थोडाच उठतो? सव्वीस वर्षांत मामांनी एकदाही चेंडू आणून दिला नव्हता. ते काम माझं नाही, असं ते स्वच्छ सांगायचे. त्या सकाळी ते प्रत्येक फटक्यामागे धावले. भिंतीमागे गटार होतं, त्यातूनसुद्धा काढून आणला. सोळाव्या फटक्याला चेंडू दांड्याखालून आत गेला, तेव्हा मामांना धाप लागली होती आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. पोरगी त्यांच्याकडे बघून म्हणाली की बस जरा, नाहीतर मामी मला मारेल. तिने मामांशी बोललेलं ते दोन दिवसांतलं पहिलं साधं वाक्य. मामा बसले.

उरलेले दिवस रोज सकाळी हेच.

शेवटचा सामना होता वर्षभर एकदाही न हरलेल्या कॉलेजशी, त्यांच्या मैदानावर. मामा आणि मामी दोघं गेली. मामीने मशीन बंद ठेवून जाणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. पूर्वार्धातच दोन गोल बसले. पोरी पळत होत्या, सरांनी म्हटलं तशा आळशी नव्हत्या आज, पण समोरचा संघ खरोखरच चांगला होता. भिंतीने एकदा एका मुलीला असं मोजून बाहेर अडवलं की पंचाने वाकून रेघ पाहिली आणि खेळ पुढे चालू ठेवला. मामा एकटेच उठून टाळ्या वाजवायला लागले. आजूबाजूचे बघायला लागले की यात एवढं काय.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा त्यांच्या एका मुलीच्या हाताला चौकटीत चेंडू लागला. पेनल्टी.

तोफेने चेंडू उचलला. मागच्या मुलींपैकी कोणीतरी सरांकडे पाहिलं, की हिलाच द्यायची का. सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि काहीच केलं नाही. मामांनी मामीच्या गळ्यातली पट्टी मुठीत धरली, इतकी घट्ट की मामी म्हणाली गळा दाबाल माझा. पोरीने ठिपक्यावर चेंडू ठेवला. मग ती गोलाकडे नुसती बघत राहिली. गोल लांबच होता. जेवढा असायला हवा तेवढा लांब. ती चार पावलं मागे गेली आणि आली.

चेंडू वरच्या दांड्याच्या खाली चार बोटं आणि खांबाच्या आत चार बोटं गेला.

पुढे सामना एक विरुद्ध तीनने गेला, म्हणजे सातात सात हारी, संघ तळाला. वर्षभरात या संघाचा पेनल्टीवरचा गोल एकच. पण परतीच्या गाडीत मुली अशा गात होत्या की चालकाने दोनदा मागे वळून विचारलं, जिंकलात वाटतं. मामी त्यांना तालावर टाळ्या देत होती. मामा खिडकीशी बसले होते आणि कोणालाही दिसू न देता रडत होते, म्हणजे सगळ्यांनाच दिसत होतं.

शनिवारी सरांनी मैदानावर टेबल मांडलं. संघ सोडणाऱ्यांनी जर्सी द्यायच्या. तिसऱ्या वर्षाच्या तिघींनी दिल्या, एकीचं गाव बदलणार होतं तिने दिली. मामा लांब जाळी सोडत होते, म्हणजे सोडत असल्यासारखं करत होते, एकच गाठ दहा मिनिटं चालली होती. भाची येताना दिसली. हात रिकामे.

सरांनी वहीत पाहिलं आणि हात पुढे केला. तू देणार होतीस ना, म्हणाले.

"हो सर, पण बाही उसवलीय. मामीकडे शिवायला दिलीय."

मामांचे हात थांबले. बाही कधीची शिवून झाली होती. दुहेरी.

"कधी मिळेल मग?"

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "मामीकडे काम फार असतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग जाळीशी उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं, आणि तिथूनच ओरडून विचारलं, "मामा, ही पोरगी मला चुना लावतेय का हो?"

मामांनी सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट बांधायला घेतली. 

"लावू द्या सर," भाचीच म्हणाली. "आमच्या घरचं कामच आहे ते." आणि टेबलाखालचा टेप उचलून ती मामांकडे निघाली, कारण दुसऱ्या टोकाची चौकट अजून मोजायची राहिली होती.